आकड्याआधीची खूण

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे आणि मी ऑफिसात एकटीच बसून जुनं जनरल रजिस्टर संगणकात उतरवून घेते आहे. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही. अनुक्रमांक, नाव, आईचं नाव, जन्मतारीख, कधी आला, कधी गेला, आणि सगळ्यात शेवटी शेऱ्याचा रकाना. जून उजाडायच्या आत सगळी जुनी रजिस्टरं एक्सेलच्या शीटमध्ये भरून पाठवायची, असा वरून आदेश आहे. शीटमध्ये शेऱ्याचा एकही रकाना रिकामा चालत नाही. सगळ्यात खाली भरलेल्या रकान्यांचा आकडा येतो. जितकी मुलं तितका तो आला, तरच फाइल स्वीकारली जाते.

माझा आकडा एकानं कमी येतो आहे.

कुठं कमी येतो ते मला ठाऊक आहे. अनुक्रमांक अकराशे सव्वीस. मुलीचं नाव आहे, आईचं नाव आहे, पाचवीत दाखल झाल्याची तारीख आहे. शेरा नाही. हेडमास्तर म्हणाले, ‘मयत’ टाका आणि मोकळ्या व्हा मॅडम, तीस वर्षांच्या वर झाली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण हे रजिस्टर ज्यांनी बत्तीस वर्षं सांभाळलं त्यांनी तो रकाना कधी भरला नव्हता, आणि मार्चमध्ये त्यांचा चाळिसावा, म्हणजे जाऊन चाळीस दिवस झाल्याचा विधी, झाला. त्यांच्या निवृत्तीनंतर दुसरा लिपिक आलाच नाही, शिकवणं सांभाळून त्यांचं टेबलही मीच बघते; म्हणून त्यांच्या माघारी तिथं काय लिहायचं ते माझ्यावर आलं आहे. ते ठरत नाही तोवर त्यांच्याविषयीच लिहावं असं वाटलं.

त्यांना सगळे बडेबाबू म्हणत. शाळेत लिपिकाची जागा एकच होती, त्यामुळे छोटेबाबू असे कुणी कधी नव्हतेच. पण आमच्या भागात निजामाच्या काळापासून ऑफिसात एक बडेबाबू असावाच लागतो. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, बारा महिने पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशावर ओळीनं टोचलेल्या टाचण्या. वडील तहसिलीत मुन्शी होते. घरात उर्दू, ऑफिसात मराठी. उर्दूत अक्षरं उजवीकडून चालत येतात आणि आकडे डावीकडून, मध्ये कुठंतरी दोघांची गाठ पडते, असं ते एकदा मला कागदावर काढून दाखवत होते. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून ती गाठ कुठं पडते ते शोधण्यात त्यांचे तासन्‌तास जात.

मी रुजू व्हायला आले तेव्हा त्यांनी माझी कागदपत्रं हातातसुद्धा घेतली नव्हती, तोच विचारलं, “कुठून आलाव बाई?”

मी म्हटलं, बेंबळीहून.

“मामाचं गाव कोणतं तुमचं?”

मला ते विचित्र वाटलं. तरी मी सांगितलं, येरमाळा. “येडाईचं येरमाळा,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि एकदम माझ्यातला रस संपल्यासारखी त्यांनी कागदपत्रं पुढं ओढली. नंतर कळलं की ते प्रत्येक अनोळखी बाईला हेच विचारतात. जुन्या मुली लग्नानंतर, मुलाबाळांच्या जातीच्या दाखल्यासाठी किंवा वयाच्या पुराव्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला मागायला येत, त्यांनाही आधी मामाचं गाव सांगावं लागे. मग वर्गात शेजारी कोण बसायचं ते. मग खिडकीतून काय दिसायचं ते. दुपारच्या बसनं परत जाणाऱ्या बायका कावून जात. स्टाफरूममध्ये म्हणत, बडेबाबूंचा सोयरिकी जुळवायचा धंदा दिसतो. त्यांच्या कानावर ते जात असणारच. ते विचारायचे थांबले नाहीत.

बडेबाबूंची दुसरी सवय म्हणजे खूण. कुठलाही क्रमांक लिहिताना ते त्याच्या आधी, वरच्या अंगाला, एक बारीक रेघ देत. मुंगीच्या पायाएवढी. रजिस्टरात, दाखल्यावर, कपाटाच्या किल्लीला बांधलेल्या पुठ्ठ्यावर. पण पोषण आहाराच्या तांदळाच्या किलोंना खूण नसे. मुलांच्या उंचीला नसे. मी बरेच दिवस पाहून शेवटी विचारलं, काही आकड्यांना देता, काहींना नाही, हे कसं?

ते म्हणाले, “ज्याची बेरीज करायची न्हाय, त्यो आकडा न्हाय बाई. ते नाव हाय. नुस्तं आकड्यात लिवलेलं.”

हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यावरून आमचे शिपाईमामा त्यांना रोज काहीतरी कोडं घालत. बसचा नंबर? दोन बसच्या नंबरांची बेरीज करून कुठं जाणार, म्हणून ते नाव. आजची तारीख? नाव. एकदा मामांनी विचारलं, “बडेबाबू, माझं वजन बासष्ट. हे नाव का आकडा?” बडेबाबूंनी चष्मा काढून नीट विचार केला. म्हणाले, “तुमी आन् म्या मिळून काट्यावर उभारलो तर बेरीज होती. आकडा.” आणि पुन्हा रजिस्टरात मान घातली. चेष्टा चालली आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसत नसे. त्यामुळे चेष्टा करणाराच थोडा ओशाळे.

अनुक्रमांक ते संख्या म्हणून वाचतही नसत. अकराशे सव्वीस असं त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. एक-एक-दोन-सहा. हाक मारल्यासारखं.

शाळेत संगणक आला तेव्हा ते पन्नाशी ओलांडून गेले होते. लोहाऱ्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. पहिल्या दिवशी संध्याकाळी परत आले ते चिडून. त्यांनी पाचवी-सहावीच्या मुलांची यादी करताना इयत्तेच्या रकान्यात ५-६ असं लिहिलं होतं आणि यंत्रानं त्याचं पाच जून केलं होतं. “म्या पोरायची इयत्ता लिवली,” ते शिपाईमामांना सांगत होते, “ह्यानं जून म्हैना केला. बरं, इचारलं का? न्हाय. मलाच समजतं म्हणलं त्यानं.” पुढं त्यांनी सहा शून्यांनी सुरू होणारा एक नोंदणी क्रमांक लिहिला, तर सगळी शून्यं नाहीशी. “शून्य गिळतं त्ये,” ते म्हणाले. एखाद्या माणसाची वाईट खोड सांगावी तसं.

दुसऱ्या दिवशी मात्र ते बसमधून उतरून घरी न जाता तडक शाळेत आले. शाळा सुटून गेली होती. मी ग्रंथालयाच्या खोलीत पुस्तकांना कागदी वेष्टनं घालत होते. ते दारातच उभे राहिले. प्रशिक्षण देणाऱ्या मुलानं त्यांना सांगितलं होतं की लिहायच्या आधी एक बारीक खूण द्यायची, वरच्या अंगाला, एकेरी अवतरणचिन्हाची. मग यंत्र त्या आकड्याला हात लावत नाही. जसं लिहाल तसं ठेवतं. आणि ती खूण मागून रकान्यात दिसतही नाही.

“बाई, त्याला ठाऊक हाय,” ते म्हणाले. “माझी खूण त्याला ठाऊक हाय.”

परगावी एखाद्याला आपल्या गावचा माणूस भेटावा तसे ते खूश झाले होते. त्यानंतर त्यांनी संगणकाविषयी कधी वाईट शब्द काढला नाही. घाईचा आहे, पण ऐकून घेतो, असं म्हणत.

मग मुलांना एकोणीस आकड्यांचे क्रमांक मिळू लागले. प्रत्येक मुलाला एक, पहिलीपासून शाळा संपेपर्यंत तोच. पहिले चार आकडे सालाचे, पुढचे अकरा जिथं पहिल्यांदा नाव घातलं त्या शाळेचे, आणि शेवटचे चार त्या मुलाचे स्वतःचे. आमच्याकडं पाचवीपासून वर्ग. आजूबाजूच्या गावांतल्या प्राथमिक शाळांतून मुलं येत. पहिल्या वर्षी सगळ्याच वर्गांतल्या आणि मग दर जूनमध्ये पाचवीतल्या एकेका मुलाला बडेबाबू आपल्या टेबलापाशी बोलावून घेत. चिठ्ठीवर त्याचा क्रमांक लिहिलेला असे. पेनाच्या टोकानं ते दाखवत: हे पंधरा सालाचे आन् गावाचे, सगळ्यायचे. हे चार तुझे. मग ते चार आकडे त्याच्याकडून म्हणून घेत. शून्य-शून्य-चार-सात. एखादं पोर घाईनं सत्तेचाळीस म्हणालं की म्हणत, “शून्य गिळू नको. पुन्ना.” बरोबर आलं की लिमलेटची गोळी. आणि मग वर्षभर कधीही, पाण्याच्या टाकीपाशी, मुतारीच्या वाटेवर, ते पोराला गाठून विचारत, तुझे चार?

शिक्षकांना हा वेडेपणा वाटे. मलाही वाटे. पोरांना पाढे येत नाहीत आणि हे असले आकडे पाठ करून घेतात, असं मी एकदा हेडमास्तरांसमोर बोलून गेले. बडेबाबू तिथंच होते. पुढच्या पोराची चिठ्ठी लिहीत राहिले.

त्याच वर्षी माझ्या हातून एक मोठी चूक झाली. संचमान्यतेसाठी मुलांची यादी पाठवायची होती. शाळेत मुलं किती, त्यावर शिक्षकांच्या जागा किती हे ठरतं. मुलं कमी भरली तर सगळ्यात शेवटी लागलेला शिक्षक अतिरिक्त होतो आणि जिल्ह्यात कुठंही जातो. सगळ्यात शेवटी लागलेली मी होते. बडेबाबू खूण देत देत एकेक ओळ भरणार, त्याला चार दिवस लागणार, म्हणून हेडमास्तरांनी ते काम मला दिलं. मी सगळी यादी शासनाच्या साइटवरून उचलून शीटमध्ये चिकटवली. पाच मिनिटांचं काम. क्रमांकांच्या जागी काहीतरी अर्धवट आकडा आणि मध्येच इंग्रजी ई दिसत होता. मी रकाना रुंद केला, मांडणी बदलली, एकोणीसच्या एकोणीस आकडे दिसू लागले.

बडेबाबूंनी टेबलावरूनच विचारलं, “खूण दिली का बाई? चिकटवायच्या आधी त्याला सांगून ठेवावं लागतं, हे आकडे न्हायत म्हणून.”

मी म्हटलं, दिसतंय की सगळं व्यवस्थित. आणि फाइल पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तालुक्याहून फोन आला. तिथले साहेब हसत होते. “मॅडम, तुमच्या शाळेत पोरं किती?” मी म्हटलं, दोनशे बारा. “आमच्याकडं नऊच दिसलालेत. ओळी दोनशे बारा हायत, पोरं नऊ.” यादी संध्याकाळी पाचपर्यंत जिल्ह्याला जाणार होती. तोवर दुरुस्त करून द्या, नाहीतर नऊ तर नऊ.

मी शीट उघडली आणि पहिल्यांदाच आकडे वाचले. प्रत्येक क्रमांकाच्या शेवटी चार शून्यं होती. यंत्रानं ते क्रमांक म्हणजे मोजायची रक्कम समजून घेतले होते, आणि इतक्या मोठ्या रकमेचे पहिले पंधरा आकडेच ते ध्यानात ठेवतं. पुढचे शून्य करून टाकतं. साल राहिलं होतं, गावं राहिली होती. पोरं तेवढी गेली होती. साइट उघडून पुन्हा यादी घ्यावी म्हटलं तर शेवटच्या दिवसाच्या गर्दीनं ती सकाळपासून बंद. ज्या रजिस्टरात हे क्रमांक लिहिलेले होते, ते तपासणीसाठी हेडमास्तर आदल्या दिवशीच धाराशिवला घेऊन गेले होते. मी खुर्चीत नुसती बसून राहिले. बेंबळीच्या घराचं, आईच्या औषधाचं, बदलीच्या गावाचं, काय काय डोक्यात आलं.

बडेबाबू उठून माझ्यामागं येऊन उभे राहिले. पडद्याकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं. मी सांगितलंच नव्हतं का, हे त्यांच्या तोंडावर नव्हतं. ते म्हणाले, “पंधरा हायत न्हवं जागेवर? मग चारच पायजेत की.” आणि शिपाईमामांना म्हणाले, “मामा, घंटा द्या.”

सगळी शाळा मैदानात आली. वर्गावार रांगा लागल्या आणि ऑफिसच्या खिडकीतून एकेक पोर आत डोकं घालू लागलं. नाव सांगायचं आणि आपले चार सांगायचे. मी शेजारच्या रकान्यात आधी खूण देई आणि मग लिही. शून्य-शून्य-चार-सात. शून्य-एक-शून्य-नऊ. एकही पोर अडलं नाही. काही तर हात मागं बांधून, कविता म्हणावी तसं म्हणत होती. ऊसतोडीला आईबापाबरोबर गेलेल्या अकरा मुलांचं काय, हा प्रश्न होता; तर सातवीतली एक मुलगी आपले चार सांगून झाल्यावर खिडकीतून हललीच नाही. म्हणाली, “बाई, सुरेखाचे पण सांगू? ती माझ्याकडून म्हणून घेती, म्या तिच्याकडून.” मग बाकीच्यांचेही असेच निघाले. कुणाचे भावाला, कुणाचे बाकावरच्या सोबत्याला पाठ. बडेबाबू माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते आणि प्रत्येक पोराकडं बघून मान हलवत होते. चार वाजता शेवटची ओळ भरली. दोन तुकडे जोडून मी फाइल पाठवली आणि रडू आलं, ते पोरांच्या देखत नको म्हणून टेबलाखाली काहीतरी शोधत राहिले.

साइट उघडल्यावर मी ताडून पाहिलं. दोनशे बारांत दोन चुकीचे निघाले. एका मुलानं दोन आकडे उलटसुलट सांगितले होते, आणि एकानं, खरं सांगायचं तर, आपल्या मनानंच काहीतरी ठोकून दिलं होतं. बडेबाबूंनी त्या दुसऱ्याला पुढचा आठवडाभर रोज गाठलं.

फाइल पाठवली त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या टेबलाशी गेले. मला माफी मागायची होती. ते नको नको म्हणाले आणि विषय बदलायला म्हणून कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. तेच, जे आज माझ्यासमोर आहे. पानांवर पाण्याचे तपकिरी डाग आहेत आणि बांधणीत अजून माती निघते. त्र्याण्णवच्या भूकंपात शाळा पडली तेव्हा ते दगडांखाली तीन दिवस होतं, आणि वर पाऊस. बडेबाबू तेव्हा तिशीतले. त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं ते हातानं उकरून काढलं, चुलीपाशी पान पान वाळवलं. मग पत्र्याच्या शेडांतून हे रजिस्टर काखेत घेऊन ते महिनाभर फिरले. मदतीला आलेले लोक विचारत, शाळेची पोरं किती उरली, आकडा द्या. ते म्हणत, आकडा न्हाय माझ्याकडं, नावं हायत, थांबा. एकेक पोर समोर उभं राहिलं की त्याच्या अनुक्रमांकाआधी ते बारीक खूण करत. जे गेलं असं घरच्यांनी सांगितलं, त्याच्या शेऱ्यात तसं लिहीत.

मी पानं उलटत होते. खुणा आणि शेरे, शेरे आणि खुणा. कुठं सलग सहा-सात ओळी नुसते शेरेच.

एका ओळीपाशी त्यांनी बोट ठेवलं. खूणही नव्हती, शेराही नव्हता.

“एक-एक-दोन-सहा,” ते म्हणाले. “हिच्या घरचं कुणी ऱ्हायलं न्हाय सांगायला. शेजारची म्हातारी म्हणली, आदल्या दिशी मामा आला हुता, घिऊन गेला. दुसरा म्हणला, न्हाय, सांजच्याला म्या बघितली हिला वट्ट्यावर. मामाचं गाव कुण्णालाच ठाऊक न्हाय. आळंदाकडं कुठंतरी म्हणत्यात.”

आळंद कर्नाटकात. तिकडं ते दोनदा जाऊन आले होते. बाजारच्या दिवशी उभं राहून विचारत. नुसतं मामाचं गाव म्हटल्यावर लोक हसत.

मी विचारलं, इतक्या वर्षांत काहीतरी लिहावं असं वाटलं नाही का?

त्यांनी त्या रिकाम्या रकान्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “मयत लिवलं, आन् उद्या दाखल्याला आली तर? म्या काय सांगू तिला, बाई? आन् मामाकडं गेली लिवलं, आन् हितंच असली तर?” हितंच म्हणताना त्यांनी खिडकीबाहेर जुन्या गावठाणाकडं हात केला. “लिवलं की सपलं. लिवलं न्हाय तवर म्या इचारू शकतो.”

मामाचं गाव ते का विचारतात, ते मला त्या दिवशी कळलं. त्या पोरीचं वय वाढत गेलं तसं विचारायच्या बायकांचं वयही ते वाढवत गेले होते. मी रुजू झाले तेव्हा माझं वय तिच्यापेक्षा बरंच कमी होतं, हे त्यांना दिसत असणार. तरी विचारलं.

निवृत्त झाल्यावरही जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी ते यायचे. पाचवीच्या पोरांना त्यांचे चार शिकवायचे, गोळ्या वाटायचे, आणि जाताना कपाट उघडायला सांगून ते पान एकदा बघायचे. मी चहा मागवे. ते उभ्यानंच घेत.

चाळिसाव्याला मी त्यांच्या घरी गेले. पुनर्वसनातल्या वस्तीत सगळी घरं एकसारखी आणि रस्ते रुंद. घर चुकू नये म्हणून मी भिंतींवरचे नंबर वाचत चालले होते. त्यांच्या घरापाशी वाचावं लागलं नाही. नंबराआधी, वरच्या अंगाला, निळ्या रंगाची बारीक खूण होती. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना चाची म्हणतो, म्हणाल्या, पेंटर सांगत होता, ब्रश घसरला म्हणतील लोक; तर ह्यांनी स्वतः शिडीवर चढून काढली. दवाखान्यातसुद्धा खाटेच्या नंबराआधी नखानं रेघ ओढत बसायचे. शेवटच्या दोन दिवसांत जून लागला का, एवढं विचारायचे. तेव्हा थंडी होती.

निघताना चाचींनी माझा हात धरला. “वो लडकी आली न बेटी,” त्या म्हणाल्या, “तर दाखला तुम्ही द्या. पर चहाला हितं पाठवा. ह्यांनी सांगून ठेवलंय.”

आज दुपारी मी त्या रकान्यात ‘म’ लिहिला आणि पुसला. ‘मामाकडे गेली’ असं लिहून पाहिलं; तेही पुसलं. हेडमास्तर दोनदा डोकावून गेले. शेवटी काही न सुचून मी नुसती खूण दिली, वरच्या अंगाला, त्यापुढं काहीच लिहिलं नाही, आणि कळ दाबली. खूण नेहमीप्रमाणे दिसेनाशी झाली. रकाना होता तसाच पांढरा राहिला. मी रजिस्टर मिटायला हात पुढं केला, तेव्हा पडद्याच्या तळाशी नजर गेली. भरलेल्या रकान्यांचा आकडा एकानं वाढला होता. मी परत मोजलं. जितकी मुलं, तितका.

फाइल पाठवली. हेडमास्तरांनी विचारलं, काय टाकलंत? मी म्हटलं, बडेबाबूंनी ठेवलं होतं तेच.

जूनमध्ये शाळा उघडेल. दाखल्यासाठी कुणी बाई आली तर कागद मागायच्या आधी तिला मामाचं गाव विचारायचं, हे मी चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे. माझ्यानंतर इथं जो कुणी बसेल, त्याला दिसेल असं.